काळी ज्वारी : धान्यपरीक्षेच्या इतिहासातील रंग, विष आणि प्रकाश

१

धान्याच्या बाजारात वापरल्या जाणाऱ्या विशेषणांकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. ती व्यवहारातील, तात्पुरत्या उपयोगाची विशेषणे मानली जातात. परंतु ज्या विशेषणावर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचे मोल ठरते आणि ज्याच्या अर्थावर खाणाऱ्याचे आरोग्य अवलंबून असते, ते विशेषण इतिहासाच्या दृष्टीने उपेक्षणीय नव्हे. नांदेड आणि लातूर ह्या जिल्ह्यांच्या मोंढ्यांत परिचित असलेला 'काळी ज्वारी' हा शब्द ह्याच प्रकारचा आहे.

'मालदांडी', 'दगडी' ही ज्वारीच्या वाणांची नावे होत. 'काळी' हे वाणाचे नाव नव्हे. खरिपाची ज्वारी कणसात भरून पक्व होत असता तिला पाऊस लागला, की दाण्यावर बुरशी चढते, दाण्याचे तेज जाते आणि पांढऱ्या मोत्यासारखा असावयाचा दाणा राखाडी, करडा वा काळपट होतो. त्या अवस्थेला हे नाव आहे. ह्या एका शब्दात तीन निरनिराळे निर्णय एकवटलेले आहेत. दाण्याचा रंग बिघडला आहे, हा पहिला. दाण्यावर कवक वाढले आहे, हा दुसरा. आणि दाणा खाण्यास अयोग्य आहे, हा तिसरा. बाजारात हे तिन्ही निर्णय एका दृष्टिक्षेपात होतात, आणि म्हणून ते एकच आहेत असा समज दृढ होतो. वस्तुतः ते एक नाहीत. पहिल्यावरून दुसरा निश्चित होत नाही आणि दुसऱ्यावरून तिसरा तर मुळीच होत नाही.

अन्नसुरक्षेच्या संशोधनात धान्यातील कवकविषे हुडकण्यासाठी आज वर्णपटीय प्रतिमांकनाचा, म्हणजे प्रत्येक दाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश अनेक तरंगलांब्यांत नोंदवून त्याचे चित्र मिळवण्याच्या पद्धतीचा, उपयोग केला जातो. ही पद्धती केवळ नवे यंत्र म्हणून पाहिली तर तिचे महत्त्व अर्धेच कळते. रंग, कवक आणि विष ह्यांची एका शब्दात पडलेली गाठ सोडवण्याचा जो दीर्घ प्रयत्न झाला, त्यातील ती एक पायरी आहे. दख्खनच्या तीन धान्यांच्या, बाजरी, मका आणि ज्वारी ह्यांच्या, विषबाधांचा इतिहास पाहिला असता ही पायरी कोठे बसते हे स्पष्ट होते.

२

यंत्रपूर्व काळातील धान्यपरीक्षा ही सर्वस्वी ज्ञानेंद्रियांवर अवलंबून होती. खळ्यावर उफणणी होताना हलका, पोचट दाणा वाऱ्याबरोबर जाई; सुपात पाखडताना उरलेला वेगळा होई. दाणा दाताखाली धरून त्याचा ओलावा पाहिला जाई, मूठभर धान्य नाकाशी नेऊन कुबट वास येतो का हे तपासले जाई. रंग, वजन, वास आणि टणकपणा ह्या चार कसोट्यांवर धान्य उतरले, की ते कणगीत किंवा पेवात जाई.

पेवाची रचना ह्या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. मुरमाड जमिनीत तोंड अरुंद आणि पोट रुंद असा खड्डा खणावयाचा, त्याला आतून कडब्याचे किंवा भुसाचे अस्तर द्यावयाचे, त्यात ज्वारी भरावयाची आणि तोंड दगडमातीने बंद करावयाचे, अशी ही पद्धत होती. बंद पेवात धान्याच्या श्वसनामुळे प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. त्यामुळे किडी मरतात आणि कवकांची वाढही मंदावते. मात्र जेथे भिंतीतून ओल झिरपते, तेथे कडेच्या थरातील ज्वारी बुरसते. पेव उघडल्यावर लगेच आत न उतरता आधी दिवा सोडून पाहण्याची सावधगिरी घेतली जाई. दिवा विझला तर आतील हवा घातक आहे असे समजत. धान्याच्या साठ्यातील अदृश्य धोका प्रकाशाच्या साहाय्याने जाणण्याची ही एक जुनी रीत म्हणता येईल. परंतु तो दिवा हवेविषयी सांगत असे, दाण्याविषयी नव्हे. कडेची बुरसलेली ज्वारी खाण्याजोगी आहे किंवा नाही, हे ठरवण्यासाठी डोळा आणि नाक ह्यांखेरीज दुसरे साधन नव्हते.

ज्ञानेंद्रियांची ही परीक्षा नेहमीच अपुरी पडते असे मात्र नाही. १९५६ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यातील दक्षिण सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, बाजरीवर अरगट ह्या रोगाचा मोठा प्रादुर्भाव झाला. भिडे आणि हेगडे ह्यांनी १९५७ मध्ये 'करंट सायन्स' ह्या नियतकालिकात त्याची नोंद केली. ह्या रोगात कणसातून प्रथम मधासारखा चिकट स्राव गळतो, आणि पुढे दाण्याच्या जागी कवकाचा कठीण, गडद रंगाचा पिंड तयार होतो. तो बाजरीबरोबर दळला गेल्यास मळमळ, ओकाऱ्या, चक्कर आणि गुंगी ही लक्षणे उद्भवतात. १९५६-५७ मध्ये मुंबई राज्यात अशी विषबाधा झाली.

परंतु अरगटाच्या बाबतीत विष आणि त्याचे शरीर ही दोन्ही एकत्र असतात. विषारी पिंड दाण्याहून वेगळा दिसतो आणि दाण्याहून हलका असतो. म्हणूनच वीस टक्के मिठाच्या पाण्यात बाजरी टाकली, की पिंड वर तरंगतात आणि ते काढून टाकता येतात. दहा लिटर पाणी आणि दोन किलो मीठ एवढ्या साधनसामग्रीवर भागणारा हा उपाय आजही सांगितला जातो. येथे डोळ्याने दिलेला निर्णय आणि रसायनाने दिलेला निर्णय जुळतात. धान्यपरीक्षेच्या इतिहासातील ही पहिली आणि सर्वांत सोपी अवस्था होय.

३

दुसऱ्या अवस्थेचा आरंभ १९६० मध्ये इंग्लंडात झाला. त्या वर्षी तेथे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एका अनोळखी रोगाने दगावले. कारणाचा शोध घेता घेता तो ब्राझीलहून आणलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला. पेंडीत 'अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस' ह्या कवकाने निर्माण केलेले विष होते. कवकाच्या नावातील आद्याक्षरे घेऊन त्या विषाला 'अ‍ॅफ्लाटॉक्सिन' हे नाव देण्यात आले.

ह्या नामकरणाचा पुढील भाग अधिक उद्बोधक आहे. पातळ थरावर विषाचे घटक वेगळे करून त्यांवर जंबुपार प्रकाश, म्हणजे डोळ्यास दिसणाऱ्या जांभळ्याच्या पलीकडचा प्रकाश, टाकला असता काही घटक निळे चमकले आणि काही हिरवे. इंग्रजीत निळ्याचे आद्याक्षर 'बी' आणि हिरव्याचे 'जी'. त्यावरून 'बी-१', 'बी-२', 'जी-१', 'जी-२' अशी नावे पडली. एक प्रकारचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकण्याच्या ह्या गुणास अनुस्फुरण म्हणतात. विषाचे नाव त्याच्या कृतीवरून किंवा चवीवरून न पडता त्याने दिलेल्या प्रकाशावरून पडावे, ही घटना सूचक आहे. जे डोळ्यास दिसत नव्हते ते योग्य प्रकाशात दिसू लागले, आणि दिसू लागताच त्याला नाव मिळाले.

अ‍ॅफ्लाटॉक्सिन यकृतावर आघात करते. दीर्घकाळ अल्प प्रमाणात पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवते. शिजवण्याने किंवा भाजण्याने ते पूर्णतः नष्ट होत नाही. दुभत्या जनावराने दूषित पेंड खाल्ली तर त्याचे बदललेले रूप दुधात उतरते. भारतात त्याची भीषणता १९७४ च्या अखेरीस प्रत्ययास आली. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल ह्या आदिवासी भागांत पावसात भिजलेला आणि नीट न वाळवलेला मका खाल्ल्याने कावीळ पसरली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी, भट आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या साथीचा अभ्यास १९७५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ३९७ रुग्णांची आणि १०६ मृत्यूंची नोंद आहे. त्याच घरांतील कुत्र्यांनाही तोच रोग झाला होता. मक्याच्या नमुन्यांत दर किलोस ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम इतके विष आढळले. तुलनेसाठी असे सांगता येईल की भारतीय नियमांनुसार तृणधान्यांतील अ‍ॅफ्लाटॉक्सिनची मर्यादा पूर्वी दर किलोस ३० मायक्रोग्रॅम होती, ती पुढे १५ मायक्रोग्रॅमवर आणण्यात आली. म्हणजे बांसवाड्याच्या घरांतील मक्यात आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजारपट विष होते.

पंधरा मायक्रोग्रॅम ह्या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. एका क्विंटलात दीड मिलिग्रॅम, किंवा एक हजार टनांत पंधरा ग्रॅम, एवढे हे प्रमाण आहे. शिवाय विष पोत्यात सर्वत्र सारखे पसरलेले नसते. १९६६ मध्येच असे दाखवण्यात आले होते की भुईमुगाच्या एकेका दाण्यात दर ग्रॅमास एक मिलिग्रॅमहून अधिक अ‍ॅफ्लाटॉक्सिन सापडू शकते. अर्धा ग्रॅम वजनाचा असा एक दाणा सुमारे तेहतीस किलो शेंगदाणे मर्यादेपर्यंत दूषित करण्यास पुरेसा आहे. अशा स्थितीत पोत्यात पोकळ सळई खुपसून काढलेल्या मूठभर नमुन्याचे रासायनिक परीक्षण कितीही अचूक असले, तरी तो दाणा त्या मुठीत आला किंवा नाही हा प्रश्न उरतोच. परीक्षणातील मोठी चूक बहुधा प्रयोगशाळेत होत नाही. ती नमुना काढतानाच होऊन चुकलेली असते.

ह्यातून प्रत्येक दाणा प्रकाशाखाली पाहण्याची कल्पना पुढे आली. मका जंबुपार दिव्याखाली धरला असता कवकग्रस्त दाण्यांत हिरवट-पिवळी चकाकी दिसते. ही परीक्षा जलद आणि स्वस्त असल्याने ती पुष्कळ ठिकाणी स्वीकारली गेली. परंतु ही चकाकी प्रत्यक्ष अ‍ॅफ्लाटॉक्सिनची नव्हे. कवकाने निर्माण केलेले कोजिक आम्ल आणि वनस्पतीतील विकर ह्यांच्या संयोगातून ती उत्पन्न होते. ती कवक तेथे वाढले होते एवढे सांगते. त्याने विष किती सोडले हे सांगत नाही. चकाकणारा दाणा निर्विष असू शकतो आणि न चकाकणारा सविष. दिवा डोळ्याच्या पलीकडे गेला खरा, पण दिसणे आणि असणे ह्यांतील अंतर त्यानेही पूर्णपणे मिटवले नाही.

४

तिसरी अवस्था ज्वारीची आहे, आणि तिचा संबंध मराठवाड्याच्या शेतीशी अधिक निकटचा आहे. जुन्या उंच देशी खरीप ज्वारीस दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलोरा येई. त्यामुळे तिचा दाणा पाऊस सरल्यानंतरच्या कोरड्या हवेत भरे. १९६४ मध्ये 'सी. एस. एच.-१' हा संकरित वाण प्रसृत झाला आणि त्यापाठोपाठ इतर संकरित वाण आले. ते बुटके, भरघोस आणि सुमारे शंभर दिवसांत पक्व होणारे होते. अन्नटंचाईच्या त्या काळात त्यांचे मोल निर्विवाद होते. परंतु लवकर पक्व होणे म्हणजेच सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात पक्व होणे होय. ज्या गुणाने उत्पन्न वाढवले, त्याच गुणाने दाणा पावसाच्या तोंडी दिला. कणसावरील बुरशी हा खरीप ज्वारीचा प्रमुख रोग बनला, आणि 'काळी ज्वारी' हा शब्द प्रत्येक ओल्या हंगामात उच्चारला जाऊ लागला.

१९७२ मध्ये परभणीस स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात, जे आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ह्या नावाने ओळखले जाते, बुरशीस दाद न देणाऱ्या वाणांचा शोध झाला. 'परभणी श्वेता' हा पांढऱ्या दाण्याचा वाण त्या प्रयत्नांचे एक फळ आहे. ह्या संशोधनातील मूळ अडचण अशी होती की टॅनिनयुक्त लालसर दाणा बुरशीस अधिक चांगला तोंड देतो, परंतु भाकरीस पांढराच दाणा हवा असतो. १९७२ च्या दुष्काळात शिधावाटपातून मिळालेली 'मिलो' ही परदेशी तांबूस ज्वारी लोकांनी किती नाइलाजाने खाल्ली, ह्याची आठवण मराठवाड्यात दीर्घकाळ टिकली. पांढरेपणाची ही आवड हीच बुरशीची वाट मोकळी करणारी होती.

आता प्रश्न असा की काळ्या ज्वारीत विष असते काय? ह्याचे उत्तर रंगाने दिलेल्या उत्तराहून वेगळे आहे. ज्वारीच्या दाण्यावर अनेक कवके एकाच वेळी वाढतात. दाण्यास काळेपणा आणणारे प्रमुख कवक 'कर्व्ह्युलेरिया' हे होय. फ्युमोनिसिन हे विष मात्र 'फ्युजेरियम' वंशातील कवके निर्माण करतात, आणि त्यांची वाढ पांढुरकी किंवा गुलाबी असते. शिवाय कणसातील दाण्याच्या तुसांतील रंगद्रव्य पावसाने दाण्यावर उतरूनही तो डागी दिसतो. त्या डागाशी कवकाचा काही संबंध नसतो. म्हणजे ज्या काळेपणावरून शब्द पडला आणि भाव पडला, तो काळेपणा ह्या विषाची खूण नव्हे. शब्दाने लक्ष वेधले ते एका रंगाकडे, आणि धोका उभा राहिला तो दुसऱ्याच रंगाच्या आड.

फ्युमोनिसिनचा शोध १९८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लागला. त्यानंतर सातच वर्षांनी, १९९५ मध्ये, दख्खनच्या पठारावर अवकाळी पावसाने भिजलेल्या ज्वारी-मक्यामुळे पोटदुखी, पोटात गुरगुर आणि जुलाब अशा लक्षणांची साथ उद्भवली. रमेश भट आणि राष्ट्रीय पोषण संस्थेतील त्यांचे सहकारी ह्यांनी पाहणी केलेल्या ५० गावांपैकी २७ गावांत ती आढळली. ह्या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार बाधित घरांतील ज्वारीत दर किलोस ०.१४ ते ७.८ मिलिग्रॅम, तर मक्यात ०.२५ ते ६४.७ मिलिग्रॅम फ्युमोनिसिन बी-१ होते. बाधा न झालेल्या घरांतील ज्वारीत ते ०.०७ ते ०.३६ मिलिग्रॅम इतकेच होते. साथ आपोआप ओसरली. परंतु तिने एक गोष्ट दाखवून दिली. भिजलेले धान्य ज्यांना टाकून देणे परवडत नव्हते, त्यांच्याच ताटात ते गेले होते. नांदेड-लातूरचा प्रदेश ह्याच पठाराचा भाग आहे. परतीचा पाऊस, खरीप ज्वारी आणि ते धान्य टाकून देण्यातील असमर्थता ह्या तिन्ही गोष्टी येथेही अपरिचित नाहीत.

फ्युमोनिसिनचा एक रासायनिक गुण येथे निर्णायक ठरतो. ते रंगहीन आहे, आणि अ‍ॅफ्लाटॉक्सिनप्रमाणे जंबुपार प्रकाशात चमकतही नाही. प्रयोगशाळेत ते मोजावयाचे तर आधी त्याला दुसरे द्रव्य जोडून चमकणारे करावे लागते. अरगट डोळ्यास दिसतो, अ‍ॅफ्लाटॉक्सिन दिव्यास दिसते, फ्युमोनिसिन ह्यांपैकी कोणासच दिसत नाही.

५

जे स्वतः दिसत नाही ते त्याने केलेल्या बदलावरून ओळखावयाचे, हे वर्णपटीय प्रतिमांकनाचे मूलतत्त्व आहे. त्याचे दोन पूर्वज आहेत. पहिला धान्याच्या प्रयोगशाळेतील. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात कार्ल नॉरिस ह्यांनी १९६० च्या दशकात अवरक्त प्रकाशाच्या, म्हणजे तांबड्याच्या अलीकडील अदृश्य प्रकाशाच्या, साहाय्याने धान्यातील ओलावा आणि पुढे प्रथिने मोजण्याची रीत विकसित केली. पाणी, पिष्ट, प्रथिन आणि तेल ह्यांपैकी प्रत्येक द्रव्य अवरक्तातील ठरावीक तरंगलांब्या शोषून घेते. त्यामुळे परतलेल्या प्रकाशातील उणिवांवरून दाण्यातील द्रव्यांचे प्रमाण काढता येते. दुसरा पूर्वज आकाशातील. १९७२ मध्ये सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाने पृथ्वीची चित्रे चार वर्णपट्ट्यांत घेतली. १९८७ मध्ये उडवलेल्या 'अ‍ॅव्हिरिस' ह्या विमानस्थ उपकरणाने २२४ पट्ट्यांत घेतली. भूमीतील खनिजे ओळखण्यासाठी घडवलेली ही दृष्टी पुढे खाली उतरली आणि प्रयोगशाळेतील पट्ट्यावरून सरकणाऱ्या दाण्यांवर स्थिरावली.

सामान्य छायाचित्रात प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन संख्या असतात. वर्णपटीय प्रतिमेत प्रत्येक बिंदूस शंभर-दोनशे संख्या असतात. लांबी आणि रुंदी ह्यांखेरीज तरंगलांबी हे तिसरे परिमाण मिळून माहितीचा जणू एक घन तयार होतो. कवक दाण्यात शिरले की ते पिष्ट खाते, दाण्याचा गर ठिसूळ आणि खडूसारखा होतो, प्रकाशाचे विकिरण वाढते, पाणी आणि प्रथिने ह्यांच्या शोषणाच्या खुणा बदलतात. हे बदल ७०० नॅनोमीटरच्या पुढील, डोळ्यास अगोचर अशा प्रदेशात ठळकपणे उमटतात. ज्या दाण्यांतील विष रासायनिक रीतीने मोजले आहे अशा दाण्यांच्या वर्णपटांवरून गणिती नियम बसवावयाचे आणि ते नियम अपरिचित दाण्यांस लावावयाचे, अशी ही कार्यपद्धती आहे.

ह्या दृष्टीचा व्यवहारात उपयोग होऊ शकतो हे मक्याच्या प्रयोगांनी दाखवले. अमेरिकेतील पिअर्सन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात शेकडो तरंगलांब्यांतून ७५० आणि १२०० नॅनोमीटर ह्या दोनच निवडून त्या बाजारी छाननीयंत्रात बसवल्या. पिवळ्या मक्यातील सुमारे पाच टक्के दाणे काढून टाकल्यावर अ‍ॅफ्लाटॉक्सिन सरासरी ८१ टक्क्यांनी आणि फ्युमोनिसिन ८५ टक्क्यांनी घटले. म्हणजे विषाचा बहुतांश भाग थोड्याच दाण्यांत साठलेला असतो, आणि ते दाणे हुडकता आले तर उरलेले धान्य वाचवता येते. न चमकणारे फ्युमोनिसिनही ह्या रीतीने पकडीत आले, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. पांढऱ्या मक्यात मात्र ह्याच रीतीस कमी यश आले. पांढऱ्या ज्वारीच्या प्रदेशाने ह्या फरकाची नोंद घेतली पाहिजे.

६

लातूरच्या डाळगिरण्यांत 'सॉर्टेक्स' हा शब्द आता घरगुती झाला आहे. एका ब्रिटिश उत्पादनाचे हे नाव सामान्यनाम बनले. 'सॉर्टेक्स केलेली डाळ' म्हणजे रंग पाहून यंत्राने निवडलेली, डागी दाणा नसलेली डाळ. हे यंत्र मूलतः आडतीवरील नजरेचेच काम अतिवेगाने करते. ते रंग पाहते. त्याने 'काळी' ह्या विशेषणाची व्याख्या बदलली नाही. ती अधिक काटेकोरपणे अमलात आणली. वर्णपटीय प्रतिमांकनाचे वेगळेपण असे की ते ही व्याख्याच बदलू शकते. तुसाच्या रंगाने डागी झालेला पण निर्दोष दाणा ते राखू शकेल, आणि वरून उजळ पण आतून पोखरलेला दाणा ते वगळू शकेल. काळ्या ज्वारीच्या एका क्विंटलात सुमारे तेहतीस लक्ष दाणे असतात. त्या सर्वांना एकच विशेषण आणि एकच भाव लावणे हे डोळ्याच्या मर्यादेमुळे अपरिहार्य होते. तत्त्वतः ते आता अपरिहार्य राहिलेले नाही.

तथापि ह्या साधनाविषयी अवाजवी अपेक्षा बाळगणे योग्य नव्हे. अवरक्त प्रकाशास दर किलोस पंधरा मायक्रोग्रॅम इतके अल्प विष प्रत्यक्ष दिसत नाही. तो कवकाच्या कृतीवरून विषाचे अनुमान करतो. अनुमानाचा आधार रासायनिक मोजणी हाच राहतो, आणि रसायनाने जे शिकवले त्याहून अधिक प्रतिमा जाणत नाही. अमेरिकेतील पिवळ्या मक्यावर बसवलेले नियम मराठवाड्यातील पांढऱ्या ज्वारीस जसेच्या तसे लावता येणार नाहीत. दाण्याचा आकार, तुसाचा रंग, कवकांचे मिश्रण आणि हंगामाची ओल ही सर्व भिन्न आहेत. ते नियम येथील वाणांच्या, येथील ओल्या हंगामांत गोळा केलेल्या आणि येथेच रासायनिक रीतीने मोजलेल्या नमुन्यांवरून नव्याने बसवावे लागतील. हे काम यंत्र विकत घेण्याहून अधिक कष्टाचे आहे, आणि ते परभणी, नांदेड व लातूर येथील संशोधकांखेरीज दुसरे कोणी त्यांच्यासाठी करणार नाही.

दुसरा प्रश्न यंत्र कोणाच्या हाती असावे हा आहे. ओलावा मोजणाऱ्या साध्या उपकरणाचा अनुभव ह्या बाबतीत बोलका आहे. आधारभावाने सोयाबीन खरेदी करताना बारा टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ च्या खरिपात पावसामुळे माल ओला राहिल्याने ही मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. उपकरणाने दाखवलेला आकडा वस्तुनिष्ठ असला, तरी कोणत्या आकड्यावर माल परत पाठवावयाचा हा निर्णय मनुष्याचा असतो. विषाची प्रतिमा जर केवळ विकत घेणाऱ्याच्या बाजूस असेल, तर 'काळी' ह्या विशेषणाच्या जोडीला भाव पाडणारे आणखी एक विशेषण मिळेल, एवढाच तिचा परिणाम होईल.

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न वगळलेल्या दाण्याचा आहे. छाननीने विष नाहीसे होत नाही. ते एका ढिगातून दुसऱ्या ढिगात जाते, आणि तेथे अधिक एकवटते. काढून टाकलेले पाच टक्के दाणे स्वस्तात विकले गेले, तर ते जनावरांच्या पेंडीत किंवा ज्याला चांगले धान्य परवडत नाही त्याच्या जात्यात जातील. १९७४ आणि १९९५ ह्या दोन्ही साथींनी हेच सांगितले आहे की कवकविष हे ज्याच्याजवळ दुसरे धान्य नाही त्याच्या वाट्याला येते. म्हणून छाननीच्या यंत्राबरोबर वगळलेल्या धान्याच्या विल्हेवाटीची व्यवस्था नसेल, तर अन्नसुरक्षा हा शब्द फक्त चांगल्या ढिगापुरताच खरा ठरेल.

बाजरीच्या अरगटास मिठाचे पाणी पुरेसे झाले, कारण ते प्रत्येक घरात होते आणि त्याने वेगळे केलेले विष डोळ्यादेखत फेकून देता येत होते. अ‍ॅफ्लाटॉक्सिन आणि फ्युमोनिसिन ह्यांच्यासाठी तितका साधा उपाय नाही. पण त्याच्या यशाची कसोटी तीच आहे. सविष दाणा वेगळा झाला पाहिजे, निर्दोष दाण्याचे मोल टिकले पाहिजे आणि वेगळा झालेला दाणा कोणाच्याही भाकरीत जाता कामा नये. ह्या तीन अटी पूर्ण झाल्या, तर नांदेड आणि लातूरच्या मोंढ्यांत 'काळी' हे विशेषण पुन्हा आपल्या मूळ अर्थाने, केवळ एका रंगाचे नाव म्हणून, वापरता येईल.